पुण्याच्या सीटसाठी आईचं घर?

पत्र (थोडं कापून):

ताई, मी सोलापूरला विडी घरकुलात राहते. यंदा बारावी सायन्स झाले. ६०० पैकी ४१३ मार्क, सीईटीत पीसीएमला ८१ पर्सेंटाइल. आई विड्या वळते. बाबा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर आहेत. दादा युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात जातो. आम्ही चौघी मैत्रिणी आठवीपासून एका बाकावर होतो. आता एक पुण्याला इंजिनिअरिंगला चाललीय, एक लातूरला नीट रिपीट करायला, एकीचं लग्न ठरलंय. मीच राहिले. पहाटे क्लास, दुपारी कॉलेज, रात्री टेस्ट सिरीज अशी दोन वर्षं काढली आणि आता काही आठवतच नाही. सगळं वाया गेल्यासारखं वाटतं. ओळखीचे एक जण पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट मिळवून देतो म्हणतात. त्यासाठी बाबा आणि दादा घरावर कर्ज काढायला तयार आहेत. घर आईच्या नावावर आहे. आमच्याकडे ओबीसीचा दाखला आहे. बाबांना काही विचारलं की म्हणतात, ‘तुला काय करायचंय ते कर.’ आईचे हात बघवत नाहीत. एकदा वाटतं इंजिनिअर होऊन तिला या विड्यांतून सोडवावं, एकदा वाटतं शिक्षण बंद करून उद्यापासून दादाबरोबर कामाला जावं. मला खरं तर केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आवडायचं, पण बी.एस्सी.ला स्कोप नाही म्हणतात. इथंच राहिले तर लोक म्हणतील, हिला कुठं मिळालं नाही. लग्न ठरलेल्या मैत्रिणीशी काय बोलायचं तेही कळेना झालंय.

ता. क. टायट्रेशन करताना परमँगनेटच्या पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो आणि नंतरच्यांचा पटकन जातो, असं का, हे मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, परीक्षेला येत नाही.

——

आधी घराचं बोलू. बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

मॅनेजमेंट कोट्याची सीट नको. तुझी ऐपत नाही म्हणून नको असं नाही. तुझ्यासारख्या मुलीला ती सीट इतरांपेक्षा महाग पडते म्हणून नको. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला: ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, ज्यांच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. खासगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. मुख्य अट ही की प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस की ही माफी गेली. म्हणजे जी फी तुला भरायचीच नाही, ती भरण्यासाठी तुमच्या घरावर कर्ज निघणार. तुझ्या त्या ओळखीच्या माणसाने हे सांगितलं का? विचारून बघ. माझा अंदाज आहे की विषय बदलेल.

आणि कर्ज काढायचीच वेळ आली, तर शैक्षणिक कर्ज वेगळं असतं. ते तुझ्या नावावर निघतं, आईवडील सहकर्जदार असतात, आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची हमी योजना असल्यामुळे घर तारण ठेवावं लागत नाही. बँकेतला माणूस ‘घराचे कागद आणा’ म्हणाला, तर त्याला या हमी योजनेचं विचारायचं. नाव घेतलं की पुढचं बोलणं जरा सुधारतं.

आता त्या घराबद्दल थोडं. तू लहान होतीस, किंवा झालीही नव्हतीस, त्यामुळे तुला ते पहिल्यापासून असल्यासारखंच वाटत असणार. गोदूताई परुळेकरांच्या नावाने कुंभारीच्या माळावर दहा हजार घरं उभी राहिली ती विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले म्हणून. कामगार नेते आडम मास्तर यांच्या पुढाकाराने हप्ते गोळा झाले, कागद झाले, दिल्लीच्या वाऱ्या झाल्या आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन चाव्या देऊन गेले. भाड्याच्या एका खोलीत विडीचं सूप, चूल आणि चार माणसं अशा संसारातून उठून या बायका तिथे आल्या. तुझ्या पत्रात लिहिलंय, बाबा तयार आहेत, दादा तयार आहे. आईचं काय? घर तिच्या नावावर. तिला कुणी विचारलं का?

पत्र मी तीनदा वाचलं. त्यात आई येते ती फक्त हातांपुरती. तिचं एकही वाक्य नाही. बाबांचं आहे, सरांचं आहे, ‘लोक म्हणतील’ म्हणून लोकांचंसुद्धा आहे. जिच्यासाठी तू एक तर इंजिनिअर होणार आहेस नाही तर शिक्षण सोडणार आहेस, ती या सगळ्यात काहीच बोललेली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे बाळा: आईच्या नावाने निर्णय घेऊ नकोस, आईला विचारून घे. पहिल्यात तू तिचे कष्ट मनात धरून स्वतःच स्वतःला शिक्षा ठोठावतेस. दुसऱ्यात ती तुझ्याबरोबर बसून हिशेब करते. विड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हिशेब येत नाही असं समजू नकोस. पानं किती भिजवली, कापताना किती वाया गेली, कारखान्यात किती छाटल्या, हाजरी किती पडली, हे तिला तोंडपाठ असतं. छाट झालेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तर पान कापतानाच तिची नजर शिरेवर असते. अशा बाईसमोर कागद ठेव: हे कॉलेज, ही फी, ही माफी, हा राहण्याचा खर्च. मग बघ काय म्हणते. कदाचित म्हणेल, जा पुण्याला. कदाचित म्हणेल, घराला हात लावायचा नाही. दोन्ही ऐकायची तयारी ठेव.

शिकून आईला विड्यांतून सोडवायचं, ही इच्छा चांगलीच आहे, त्यावर मी पाणी ओतत नाही. पण ते ओझं घेऊन पहिल्या सेमिस्टरला बसलीस की काय होतं ते मी या सदरात आलेल्या पत्रांतून पाहिलंय. गणिताचा एक पेपर राहतो, इंजिनिअरिंगला तो बऱ्याच जणांचा राहतो. बाकीच्यांसाठी ती केटी असते. तुझ्यासाठी तो आईच्या हातांचा अपमान होतो. मग मुलगी घरी खोटं सांगते, फोन टाळते, परीक्षेचा फॉर्म भरत नाही. अभ्यास जमत नाही म्हणून सोडणारी थोडी असतात. लाजेपायी सोडणारी जास्त.

दादाबरोबर कामाला जायचं म्हणतेस. सुट्टीत जा की. सोलापूरचे युनिफॉर्म देशभर जातात, शाळा सुरू व्हायच्या आधी कारखान्यांना माणसं कमी पडतात, दोन पैसे मिळतील, काम कसं चालतं ते दिसेल. त्यात कमीपणा कसला? पण ‘शिक्षण बंद करून’ नको. हा निर्णय परत फिरवता येतो असं सगळे म्हणतात आणि परत फिरवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. हाताला काम हवंच असेल तर बऱ्याच कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ योजना असते, प्रवेश घेतानाच चौकशी कर.

बाबांचं ते वाक्य. ‘तुला काय करायचंय ते कर.’ तुला ते लागलंय, दिसतंय. मी जरा वेगळं ऐकते. सीईटी, पर्सेंटाइल, कॅप, ऑप्शन फॉर्म यातला एकही शब्द ज्याने कधी वापरला नाही, तो माणूस आणखी काय म्हणणार? त्यांना माहीत असलेल्या विषयावर त्यांना बोलतं कर. ती वाट तुझ्या केमिस्ट्रीतूनच जाते, म्हणून आता तिकडे वळते.

तुझ्या शंकेचं उत्तर आधी. केमिस्ट्री शिकवणाऱ्या मैत्रिणीला विचारून घेतलं, म्हणजे चूक व्हायला नको. ऑक्झॅलिक आम्ल साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करून तुम्ही ब्युरेटमधून परमँगनेट सोडता. त्या अभिक्रियेत मँगनीजचे द्विसंयुजी आयन तयार होतात, आणि तेच आयन त्या अभिक्रियेचा वेग वाढवतात. सुरुवातीला फ्लास्कमध्ये ते नसतात म्हणून पहिला जांभळा थेंब रेंगाळतो. थोडे तयार झाले की पुढचे थेंब पडता पडता विरतात. शेवटी आम्ल संपतं, आणि एक थेंब फिकट गुलाबी होऊन तसाच राहतो. याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. मैत्रीण आणखी एक म्हणाली, ते मुद्दाम सांगते: “वर्गातली साठ पोरं रीडिंग शेजारच्याकडून उतरवतात. थेंब उशिरा का विरतो हे विचारणारी कोण आहे गं?”

मी तुला शास्त्रज्ञ व्हायला सांगत नाही. इतकंच सांगते की पूर्ण पत्रात हा एकच प्रश्न तू कुणाच्या भीतीने विचारलेला नाहीस, आणि तोही ता. क. मध्ये टाकलास.

आता स्कोप. सोलापुरात हे विचारल्याशिवाय कुणी पुढचं बोलत नाही. बारावी झालेलं पोर रस्त्यात दिसलं की ‘पुढं काय करलालीस?’ आणि उत्तर यायच्या आत ‘त्याला स्कोप नाही.’ या गावाने तर स्कोपच्या बाबतीत जरा सांभाळून बोलावं. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, मग एकेक करत इतर गिरण्या आल्या, आणि पुढच्या काही पिढ्यांसाठी गिरणीत नाव लागलं की पोराचं भलं झालं, मुलगी द्यायला हरकत नाही, असा हिशेब होता. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली तेव्हा पर्मनंट माणसं घरी बसली. ज्याची खात्री सगळ्या गावाने दिली होती, तेच गेलं. आज कॉम्प्युटरची खात्री तसेच लोक देतात. कॉम्प्युटर वाईट असं मी म्हणत नाही. आवडत असेल तर जरूर घ्यावा, आणि तो सोलापुरातही शिकता येतो. तुझ्या पत्रात मात्र कॉम्प्युटर आवडतो असं कुठेच नाही. फक्त ‘मिळवून देतो म्हणतात’ असं आहे.

केमिस्ट्रीचं या गावात काय होतं, ते बघायला लांब जायला नको. कच्च्या सुताचा टॉवेल पाणी ओढत नाही, अंगावर नुसता फिरतो. कापसाच्या तंतूवर मुळातच मेण असतं, ते कॉस्टिक सोड्यात उकळून काढलं की मग पाणी धरतो. चादरीचं सूत आधी रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे रंग कच्चा निघाला तर नक्षीच्या लाल घोड्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो आणि सगळा माल परत येतो. रंग पक्का बसला की नाही, हे बघणं हे कुणाचं तरी काम असतं. बाबांना एका रविवारी म्हण, मला रंगाईचा कारखाना दाखवा, सूत कुठून रंगून येतं ते बघायचंय. कुठल्या लॉटचा रंग सुटतो, कुठलं सूत मागावर सारखं तुटतं, हे ते तुला अर्धा तास न थांबता सांगतील. तुझ्या करिअरबद्दल तुम्ही दोघं पहिल्यांदा बोललेले असाल आणि त्यांना ते कळलेलंही नसेल.

याच्या पलीकडे साखर आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग आहे, आणि प्रत्येक कारखान्यात प्रयोगशाळा असते, तिथे रसाचा आणि साखरेचा कस काढणारे केमिस्ट असतात. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, बी.एस्सी. केमिस्ट्री करून तिथे साखर तंत्रज्ञान शिकायला जातात. हंगामी काम, रात्रपाळी, गावाबाहेरचा कारखाना, मुलींना अजून तिथे सहज घेत नाहीत, हेही सांगून ठेवते, उगाच गुलाबी चित्र नको. चिंचोळी एमआयडीसीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत, तिथल्या क्वालिटी कंट्रोलमध्ये रोजचं काम तू प्रॅक्टिकलला करत होतीस त्याचंच मोठं भावंड आहे. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. आणि नुसत्या बी.एस्सी.वर भागत नाही, एम.एस्सी. किंवा एखादा कामाचा कोर्स जोडावा लागतो. ‘बी.एस्सी.ला स्कोप नाही’ म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात खरं आहे ते एवढंच. पाच वर्षं धर. इंजिनिअरिंगपेक्षा एक जास्त.

मग करायचं काय? दोन्ही दारं ठोठाव. कॅपची नोंदणी कर, ती चुकवू नकोस. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायच्या यादीत, केमिकल इंजिनिअरिंग आणि वस्त्रोद्योगाशी संबंधित शाखा बघ. इचलकरंजीला वस्त्रोद्योगाचं अभियांत्रिकी कॉलेज आहे. मुंबईत माटुंग्याला १९३३ साली सुरू झालेली आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था आहे, तिथे तंतू आणि रंगप्रक्रियेचंही शिक्षण मिळतं. तिथला कट-ऑफ वर असतो, ८१ ला अवघड आहे, पण यादीत वर लिहायला काही पैसे पडत नाहीत. मागच्या वर्षीचे कट-ऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर कॉलेजवार आणि प्रवर्गवार मिळतात. क्लासवाल्याला विचारू नकोस, स्वतः उघडून वाच. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव: पहिल्या क्रमांकाला लिहिलेली सीट मिळाली की ती मान्य केल्यासारखंच असतं, मग ‘पुढच्या फेरीत बघू’ चालत नाही. म्हणून पहिल्या ओळीत तेच लिही जे मिळालं तर तू खरोखर जाशील. मैत्रिणीने लिहिलंय म्हणून पुण्याचं एखादं नाव वर टाकू नकोस.

आणि कॅपच्या फेऱ्या लांबतात. तोवर हातात काही नाही अशी राहू नकोस. इथल्याच एखाद्या अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेव. दयानंद, संगमेश्वर, वालचंद, जे जमेल ते. जायचं ते लॅब बघून जा, प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये किती मुली आणि ब्युरेट किती ते विचार. अनुदानित तुकडी आणि विनाअनुदानित तुकडी यांच्या फीत फरक असतो, फॉर्म घेतानाच खिडकीवर विचारायचं. नंतर कॅपमधून मनासारखं मिळालं तर इथला प्रवेश रद्द करता येतो आणि मूळ कागद कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत. तरी देताना पोच घे आणि दाखल्याच्या साक्षांकित प्रती काढून ठेव. पोच मागितली की क्लार्क वैतागतो. वैतागू दे.

फीमाफीचं मी वर सांगितलं, पण ती आपोआप होत नाही. जातीचा दाखला आहे म्हणतेस. जात वैधता आहे का? नॉन-क्रिमीलेयर चालू वर्षाचं आहे का? उत्पन्नाचा दाखला? रहिवास? वैधतेचं प्रकरण पडताळणी समितीकडे टाकलं नसेल तर हे वाचून होताच उठ. गुणवत्ता असून त्या एका कागदापायी सीट गेलेल्या मुली दरवर्षी असतात. आणि माफीत शिक्षण फी आणि परीक्षा फी येते. वसतिगृह, मेस, पुस्तकं, कॉलेजचे इतर आकार राहतातच. इचलकरंजी काय, माटुंगा काय, हा खर्च मांडल्याशिवाय आईसमोर बसू नकोस.

आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असणार. त्यावर तुझ्यासाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा, रक्कम शिक्षणाप्रमाणे बदलते, व्यावसायिक अभ्यासक्रमाला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत जाते. शेवटची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास असावी लागते, ती तू आहेस. उत्पन्नाची मर्यादा कडक आहे, आणि दुसरी शिष्यवृत्ती घेत असशील तर दोन्ही एकदम मिळत नाहीत, म्हणून कुठली फायद्याची ते आधी बघ. घरकुलात दर दोन घरांआड हे कार्ड आहे आणि अर्ज भरणाऱ्या मुली किती? भरताना शेजारच्या पोरींनाही सांग.

‘सगळं वाया गेलं’ म्हणतेस. यावर तुला कुणीतरी सांगेल की काही वाया जात नसतं, अनुभव मिळतो वगैरे. मी नाही सांगणार. काही भाग वाया गेलाच. पहाटे साडेपाचला क्लास, तिथे एका हॉलमध्ये दीडशे मुलं, मग कॉलेजात हजेरीपुरतं बसायचं, रात्री ओएमआर शीट काळी करायची. यातून आठवण्यासारखं काय उरणार? त्यात तुझा दोष नाही, आणि त्याला आता ओढूनताणून अर्थ द्यायचीही गरज नाही. पण हेही बघ की ‘काही आठवत नाही’ असं लिहिणाऱ्या मुलीला परमँगनेटचा पहिला थेंब आठवतो. पुढच्या कॉलेजात एवढंच जप: जिथे हाताने काही करायला मिळतं तो तास बुडवायचा नाही, आणि शंका ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून परत आली तर दुसऱ्याकडे न्यायची. लायब्ररीत, सीनियरकडे, कुणाकडेही.

लोक म्हणतील, हिला कुठं मिळालं नाही. म्हणतील. आठ दिवस म्हणतील, मग दहावीचे निकाल, मग पाणी पाच दिवसांनी आलं, मग कुणाचं तरी लग्न. पुण्याला जाण्यात काही गैर नाही, अर्धं सोलापूर हुतात्मा एक्स्प्रेसने जातं-येतं. फक्त जाण्यालाच मिळवणं समजू नये. आपल्याकडे मुलांपुढे भाषण करायचं म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव येतंच: सोलापूरचा मुलगा, मुंबईत डॉक्टर झाला, १९३८ साली चीनला गेला. मोठा माणूस, वादच नाही. पण ते काम करायला गेले होते. गल्लीत काय म्हणतील म्हणून गेले नव्हते. बी.एस्सी. करून तुला पुण्याची, मुंबईची एम.एस्सी. मिळाली तर तेव्हा जा. तेव्हा तुला कळलेलं असेल की कशासाठी चाललीस.

बाकावरच्या चौघींबद्दल फार काही सांगत नाही. ग्रुप काही महिने जोरात चालेल, मग वाढदिवसाला केकचे फोटो येतील, मग एखादीच फोन करत राहील. ती कोण असेल ते आज सांगता येत नाही, बहुतेक वेळा जिच्याबद्दल वाटलेलं नसतं तीच निघते. लातूरला गेलेलीला मात्र दर आठवड्याला फोन कर. रिपीटरच्या खोलीत संध्याकाळ फार वाईट जाते, आणि त्या मुली घरी सांगत नाहीत.

जिचं लग्न ठरलंय तिच्याकडे जा. बोलायचं काय, हे ठरवून जाऊ नकोस. ती खूश असेल तर साड्या बघ, ब्लाउजचा गळा ठरवायला मदत कर. खूश नसेल तर ते तिला तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही, म्हणून एकटी भेट, घरातल्या गर्दीत नको. ‘तू शिकायला हवं होतंस’ हे वाक्य मात्र गिळून टाक, ते तिला घरात कुणी म्हणत नसलं तरी तिच्या डोक्यात रोज चालू असेल. त्यापेक्षा काम कर. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून, बारावीवर घरी राहून पदवी करता येते, अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत. तिच्या सासरच्या गावाजवळचं केंद्र कुठलं, फी किती, प्रवेश कधी, हे शोधून एका कागदावर लिहून तिला दे. लग्नाआधी बोलणी चालू आहेत तोवरच हा विषय तिच्या आईने मांडला तर निभतो. लग्नानंतर सहा महिन्यांनी तो मांडणं फार जड जातं. तिच्या आईशी तुझी आई बोलू शकेल का, तेही बघ. विड्या द्यायला दोघी एकाच कारखान्यात जात असतील तर वाटेत बोलणं होतंच.

ड्रॉप घेऊन पुन्हा सीईटी द्यायचा विचार तू लिहिलेला नाहीस, पण कुणीतरी सुचवेलच. तुझ्या बाबतीत माझं मत नाही असं आहे. क्लासची फी पुन्हा, आणि तुझ्याच शब्दांत सांगायचं तर काही न आठवणारं आणखी एक वर्ष. आधी वैधतेचा कागद, मग कॅपची नोंदणी, मग इथल्या कॉलेजचा फॉर्म, या क्रमाने लाग. आणि त्या ओळखीच्या माणसाला टोकन म्हणून काही दिलं असेल तर पावती माग. पावती दिली नाही, तर दादाला बरोबर घेऊन जा आणि पैसे परत घेऊन ये.